कानाच्या टोकाचं रक्त

दवाखान्यात माझं काम डोकं धरण्याचं. गाईचं,
कधी मालकाचंही.
कानाच्या टोकावरचे केस भादरायचे, सुई टोचायची,
पहिला थेंब पुसायचा, दुसरा काचेवर घ्यायचा.
डॉक्टर तो दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढतात,
मांजरीच्या जिभेएवढा, पातळ.
संध्याकाळी त्या काचा मी साबणाच्या पाण्यात उकळतो.
एकोणीस वर्षं उकळतोय.
आत काय असतं, कधी पाहिलं नव्हतं.

पंचफुलाबाई अवथळे कारंज्याच्या पुढून आल्या,
छोट्या हत्तीत गाय आडवी
आणि मांडीवर पाण्याची बाटली.
मी म्हटलं, बाई, कोरा चहा कशाला आणला?
"तिचं मूत हाये थे."

गाईचं नाव मंजुरी. योजनेतून आली होती,
सात महिने कागद फिरल्यावर.
नऊ लिटर द्यायची. सोमवारी चार,
मंगळवारी चहापुरतं,
आज आचळं म्हणजे नुसती कातडी.
ताप एकशे सहा. गळ्यात बिब्बा बांधलेला.
मी पापणी उलटवली:
फुटलेल्या बोंडासारखं पांढरं.
शेपटीखाली, कासेच्या वळीत, कानाच्या आत
गोचिड. टपोरे, राखाडी, एरंडाच्या बिया.
एक उपटला, तर डॉक्टर नाझनीन ओरडल्या,
"तोंड आत राहील, भगत!"

रक्त काचेवर थांबेना,
पाणी पडलेल्या कुंकवासारखं वाहिलं.

त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या,
मग खुर्ची सरकवली. "ये, पाहून घे."
आधी माझीच पापणी दिसली.
मग फिकट चकत्या, पुष्कळ,
आणि कुठे कुठे एकेकीच्या पोटात
संत्र्याच्या दोन बिया, टोकाला टोक लावून.
इतकं नीटनेटकं काही
मी या दवाखान्यात पाहिलं नव्हतं.
थोडा वेळ मला गाय आठवलीच नाही.

पिवळं इंजेक्शन दिलं. पण रक्तच उरलं नव्हतं,
औषध कोणाला वाचवणार?
मग टेम्पोची दुसरी खेप. त्यांच्याच कोठ्यातली
बुढी गवळाऊ, अकरा वेतांची, आखूड शिंगांची.
तोच कोठा, तेच गोचिड, आणि हिला काही नाही.
"हिच्याही रक्तात असतील ते," डॉक्टर म्हणाल्या,
"लहानपणीच भांडून झालंय त्यांचं."
तीन लिटर, मानेतून, पिशवीत. मी डोकं धरलं.
बुढी माझ्या खिशातली तंबाखूची पुडी हुंगत राहिली.

मंजुरीनं रात्री कान हलवला.
दुसऱ्या दिवशी सरकीच्या ढेपेला तोंड लावलं.
चौथ्या दिवशी बाटली आली, गव्हाच्या काडाच्या रंगाची.
सहाव्या दिवशी पाच महिन्यांचा गाभ टाकला.
नोंदवहीत 'परिणाम' या रकान्यात एकच शब्द मावतो.
'बरी', मी लिहिलं.

कोठा भाजायला गेलो तेव्हा पंचफुलाबाईंनी विचारलं,
"पोट भरलं का थे जातेत कुठी?"
मी मातीच्या भिंतीतल्या भेगा दाखवल्या.
एकीची अंडी दोन-तीन हजार, म्हटलं,
आणि पिल्लं आईच्या पोटातूनच बाधून निघतात,
कोणाला चावायच्या आधी.
त्या भेगेकडे पाहत राहिल्या. बराच वेळ.
"म्हंजे बिमार भित हाये. गाय नाही."
आणि ज्वाळेचा दिवा माझ्या हातातून घेतला.
भेगेतून तडतड आली, मोहरी फुटावी तशी.

घरी येऊन पायजमा झटकला.
घोट्याशी खसखशीएवढं काही चालत होतं.
काचेवर घेतलं, बल्बखाली धरलं.
सहा पाय.
अजून उपाशी.